आत हवा नाही

मी, सुनंदा, कै. मनमोहन दादाजी धैर्यवान यांची विधवा, वय सत्तावन्न, राहणार मोरोबाची वाडी, ठाकुरद्वार, गिरगाव, मुंबई, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवते.

माझे डोके ठिकाणावर आहे. असे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते आणि कोणी त्याच्याकडे पाहत नाही. माझ्या बाबतीत पाहावे लागेल. ते खोटे आहे असे सांगणारे गृहस्थ दादरला राहतात, माझे सख्खे दीर आहेत, आणि माझे दिवस होताच कोर्टात पहिला अर्ज त्यांचाच पडेल. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे लिहीत नाही. गोड बोलणे गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाले आहे; ते पुढे येईल.

वकील अण्णा गोरक्षकर यांनी मला एक साधा मसुदा करून दिला होता. तो एका पानात बसत होता. मी त्यांना म्हटले, एका पानाचे मृत्युपत्र मोडायला एक दुपार पुरते. मला मोडणाऱ्याचा घाम निघेल असे लिहायचे आहे. ते म्हणाले, मग तुम्हीच लिहा, कायद्याचे शब्द मी तपासून देतो. तसे हे केले आहे.

कलम १. घर

वाडीतील हे एकमजली घर, खाली दोन बिऱ्हाडे, वर मी. सासऱ्यांच्या पश्चात दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा गुरुदत्तभाऊजींनी रोकड आणि सासूबाईंचे बहुतेक दागिने उचलले, आमच्या ह्यांनी घर घेतले. रोकड पुढे कुठे गेली ते महालक्ष्मीच्या शर्यतीच्या घोड्यांना विचारावे. हे गेल्यावर घर माझ्याकडे आले, पण त्या वेळच्या कायद्याने विधवेकडे घर येणे म्हणजे दुसऱ्याची ठेव मरेपर्यंत झाडूनपुसून ठेवणे. विकायचे नाही, कोणाला द्यायचे नाही, आणि डोळे मिटले की ते दिराकडे जायचे. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला आणि घर पूर्णपणे माझे झाले. ते माझ्या मनास येईल त्याला मी देऊ शकते.

कोणाला देते ते कलम ७ मध्ये आहे. ज्यांना तेवढेच वाचण्याची घाई असेल त्यांनी मधले सगळे आधी वाचावे, म्हणूनच ते मागे ठेवले आहे.

कलम २. माडीवरील वस्तू

माझ्या माडीवर जे सामान आहे त्याला गुरुदत्तभाऊजी कोर्टात ‘विक्षिप्त वस्तू’ म्हणाले आणि पुढे प्रदर्शनात ‘कलाकृती’. ते मुळात काय आहे ते मी सांगते.

१९५० साली ग्रँट रोडच्या एका थिएटरात एक इंग्रजी सिरियल लागली होती. दर शुक्रवारी एक भाग. कॅप्टन हॅरो नावाचा माणूस रॉकेटात बसून परग्रहावर जातो, तिथल्या राजाशी त्याचे वैर पडते, आणि प्रत्येक भाग नेमका अशा जागी तोडलेला असे की कॅप्टन आता संपलाच. आमचे हे सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क, पन्नाशी गाठलेले, जन्मभर दुसऱ्यांच्या मिळकतीचे दस्तऐवज वाचून चेहरा तसाच झालेला. पहिला भाग पाहून बाहेर पडले ते रस्त्यात थांबून हसू लागले. त्यांना तसे हसताना मी लग्नानंतर पाहिले नव्हते. पुढचे पाच भाग आम्ही बरोबर पाहिले. मग त्यांच्या पाठीच्या मणक्यात क्षय निघाला आणि त्यांना प्लास्टर घालून उताणे निजवले. मानसुद्धा वळवायची नाही. छताकडे बघत पडून राहायचे.

शुक्रवार आला तेव्हा म्हणाले, “तू जा. बघून ये आणि मला सांग.”

मी गेले. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि बाई एकटी पिक्चरला चालली, यावर वाडीत जे बोलले गेले ते मी इथे उतरवत नाही. बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी हयात आहेत आणि आपापले बोलणे त्यांना आठवत असेल. घरी येऊन मी सांगायला बसले. रॉकेट म्हणून लाटणे घेतले, पिस्तूल म्हणून सांडशी. ह्यांचे समाधान होईना. “असं नाही. शेपटाला तीन पंख होते आणि मधला वर उचललेला होता. तू नीट पाहत नाहीस.” दुखण्याने माणूस चिडखोर झालेला. मीही चिडून म्हटले, मग करूनच दाखवते.

आमच्याकडे भांड्यांना कल्हई करायला रामू येत असे. त्याच्या भात्याजवळ बसून मी कथलाने डाग देऊन पत्रा जोडायला शिकले. हात भाजले, दोन लुगडी जळली. पहिले रॉकेट बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचे केले आणि मच्छरदाणीच्या दांडीला दोऱ्याने टांगले, म्हणजे उताण्या माणसाला ते खालून दिसावे. ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हां. आता सांग.”

त्यानंतर होळीच्या पितळी पिचकारीचे किरणांचे पिस्तूल झाले. मोडक्या घड्याळाची चाके घालून परग्रहावरून बोलण्याची पेटी झाली. कॅप्टनचा टोप मी पितळी पातेल्याचा केला, तळ कापून, पुढे अभ्रकाची खिडकी बसवून. परग्रहावर हवा नसे, म्हणून टोप घातल्याशिवाय रॉकेटाबाहेर पडायचे नाही असा त्या गोष्टीतला नियम होता.

टोपावर तारेच्या उभ्या कांड्या असत, त्यांच्यापाशी मी अडले. एक होती की दोन? खेळ संपल्यावर मागे राहून मी मशीनखोलीतल्या ऑपरेटरला विचारले. लवू परब त्याचे नाव, वेंगुर्ल्याकडचा, बिऱ्हाड लालबागला. एका मध्यमवयीन बाईने असे विचारल्यावर दुसरा कोणी हसला असता. तो म्हणाला, बघून सांगतो. फिल्म तुटली की जोडताना काही चित्रे कापावी लागतात. तसा एक तुकडा त्याने पुढच्या शुक्रवारी आणून दिला. “बाई, ह्यो उजेडात धरून बघा. कांडये दोन आसत. एक मागच्या बाजूक आसा, म्हणान दिसना नाय.”

बेबी, म्हणजे गुरुदत्तभाऊजींची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. शनिवारी यायची, काकांच्या पायथ्याशी बसायची, आणि परग्रहाच्या राजाचे बोलणे ती करायची. आवाज घोगरा काढून. मी कॅप्टन, ती राजा, आणि हे वरून चुका काढणार. त्या शनिवारांसारखे शनिवार माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत.

अर्ध्यावर थिएटरने सिरियल उतरवली आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून पुन्हा लावली. शेवटचा भाग लागायच्या आठवड्यात हे गेले. मी तो भाग पाहिला नाही. लवूने सांगतो म्हटले, मी नको म्हटले. कॅप्टन हॅरोचे काय झाले ते मला माहीत नाही. इतकी वर्षे कोणी सांगितले नाही, आता सांगू नये.

कलम ३. १९५३ चा अर्ज

हे गेल्यावर मी हे काम सोडले नाही. हातांना दुसरे काही सुचत नव्हते. राजाचे सिंहासन राहिले होते ते केले, रॉकेट पत्र्याऐवजी पितळेचे केले. काम करताना मी मोठ्याने बोलत असे हेही खरे आहे. ऐकणारा गेला म्हणून सांगणाऱ्याची सवय लगेच जात नाही.

गुरुदत्तभाऊजी एक दिवस डॉ. शामराव मानकर यांना घेऊन आले. सहज चहाला म्हणून. डॉक्टरांनी टोपाकडे बोट करून हे कोणाचे विचारले. मी म्हटले, कॅप्टनचे. चहा संपला, ते गेले. महिन्याभराने मला कोर्टाचा कागद आला. माझे डोके फिरले असून मी स्वतःला परग्रहावरील समजते, सबब घराची व्यवस्था दिराच्या हाती द्यावी, असा अर्ज होता आणि त्याला डॉक्टरांचा दाखला जोडला होता.

कोर्टात माझा टोप, पिस्तूल, पेटी, रॉकेट सगळे एका टेबलावर मांडले होते. लोक पुढे वाकून पाहत होते. मोरीतले सामान कोणी दिवाणखान्यात आणून ठेवावे तसे मला झाले. बेबीचे प्रतिज्ञापत्र वाचून दाखवले गेले. काकी घोगऱ्या आवाजात कोणाशी तरी बोलत असतात, त्या स्वतःला कॅप्टन म्हणवतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले असे त्यात होते. राजाचे बोलणे कोण करत असे ते तिने लिहिले नव्हते. ती खाली मान घालून बापाच्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे शेवटपर्यंत पाहत राहिले, तिने एकदाही वर पाहिले नाही.

माझ्या बाजूने साक्ष द्यायला वाडीतल्या सात-आठ घरी मी गेले होते. एकीच्या घरी लग्न होते, दुसरीचा नवरा कोर्टाला भितो, तिसरी म्हणाली तुमच्या घरातले तुम्ही मिटवा. माझ्यासाठी एकटा लवू आला, रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. भाऊजींच्या वकिलाने त्याला विचारले, एक बाई दर आठवड्याला एकटी येते, टोपाच्या कांड्या किती ते विचारते, यात तुम्हाला चमत्कारिक काही वाटले नाही?

लवू म्हणाला, “साहेब, पिक्चर बघून माणसां घराक जातत आनि जेवतत. ह्या बाईंच्या घरात एक माणूस तो पिक्चर ऐकण्यासाठी वाट बघीत पडलेलो होतो. त्यात चमत्कारिक काय?”

मग न्यायाधीशांनी मलाच विचारले की या वस्तू कशासाठी केल्या. मी सांगितले की आमच्या यजमानांना मान वळवता येत नव्हती. त्यांनी ते लिहून घेतले. उलटतपासणीत डॉक्टरांनी मला किती वेळ तपासले हे निघाले. ते एक कप चहाइतके होते. अर्ज फेटाळला गेला.

मी जिंकले असे लोक म्हणतात. वस्तू परत आणल्या तेव्हा टोपाला पोचा आला होता आणि पुढे कित्येक महिने कोणी जिन्यावर दिसले की मी बोलायची थांबत असे. स्वतःच्या घरात.

कलम ४. जानेवारी १९५६ चा प्रसंग

हे कलम पुढे माझ्याविरुद्ध वापरले जाणार आहे, म्हणून ते मी नीट लिहिते. त्या दिवशी वाडीतल्या पुष्कळांनी मला वेड्यासारखे वागताना पाहिले. त्यांनी पाहिले ते खरे आहे. त्याचा अर्थ त्यांना माहीत नाही.

मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे जाहीर झाले आणि गिरगाव पेटले ते दिवस. गुरुदत्तभाऊजी खालच्या बिऱ्हाडांच्या कसल्याशा कागदावर माझी सही घ्यायला दादरहून आले होते आणि संचारबंदीत अडकले. सरकारी नोकर माणूस, गोळीबाराचा आवाज आला की त्यांचा चेहरा पांढरा पडे. दुपारी ते पुढच्या खोलीत डोक्यावर पांघरूण घेऊन पडले होते. मागच्या जिन्याने कोणी तरी वर आले. लवू होता. मोर्चात सापडला होता, पोटरीतून गोळी आरपार गेली होती, आणि गिरगावात त्याला माहीत असलेला एकच जिना आमचा. त्याला मी स्वयंपाकघरात ओट्याखाली निजवले, ह्यांच्या जुन्या धोतराने पाय बांधला आणि फरशीवरचे रक्त पुसले. भाऊजींना मी सांगितले नाही. त्यांनी काय केले असते ते मला ठाऊक नाही. पण मला विषाची परीक्षा घ्यायची नव्हती.

थोड्या वेळाने पोलीस वाडीत शिरले. घराघरांतून झडती सुरू झाली. आमच्याकडे एक इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई आले. शेल्फावरचे पिस्तूल पाहताच इन्स्पेक्टरने ते उचलले आणि हे काय म्हणून ओरडला. भाऊजी पांघरूण टाकून उठले. हात जोडून म्हणाले, “साहेब, ते खेळण्यातलं आहे. आमच्या वहिनी वेड्या आहेत. कोर्टातसुद्धा प्रकरण झालेलं आहे.”

प्रकरणाचा निकाल काय लागला ते त्यांनी सांगितले नाही.

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिले, पिस्तुलाकडे पाहिले, आणि आत काय आहे असे विचारत तो स्वयंपाकघराकडे वळला. दाराला फक्त पडदा होता. मला विचार करायला वेळ मिळाला नाही. मी टोप उचलून डोक्यात घातला आणि पडद्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले.

“आत हवा नाही,” मी म्हटले. “टोप घातल्याशिवाय कोणी जायचं नाही. मराल.”

शिपाई हसले. इन्स्पेक्टरने मला बाजूला व्हायला सांगितले. मी टोप काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हटले, तुम्ही घाला, मग जा. मागच्या वेळी एकजण तसाच गेला, त्याची राख झाली. मी कॅप्टनचे इंग्रजी बोलले, राजाचे बोलले, घोगऱ्या आवाजात, बेबी बोलायची तसे. समोरच्या गॅलऱ्यांतून लोक पाहत होते. आमच्या जिन्यावरही चार जण जमले होते. कोणी तरी फिसकन हसले. इन्स्पेक्टर ओशाळला. वेड्या बाईशी हुज्जत घालताना आपल्याला माणसे बघताहेत हे त्याच्या ध्यानात आले असावे. पिस्तूल घेऊन तो खाली उतरला. ते पिस्तूल मला परत मिळाले नाही.

तीन वर्षांपूर्वी कोर्टात मी शहाणी आहे हे सिद्ध करायला ज्या टोपापायी मला इतके सोसावे लागले, तो टोप घालून मी सगळ्या वाडीदेखत वेडी झाले. दुसरा इलाज नव्हता आणि मला त्याचा पस्तावा नाही. पण कोणी हसले तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि माझे मन मोठे आहे म्हणून मी ते विसरले असे कोणी समजू नये.

पोलीस गेल्यावर भाऊजी माझ्यापुढे बसले. अगदी मायेने म्हणाले, “वहिनी, आता तरी कबूल करा. मी होतो म्हणून आज तुम्ही वाचलात.” पडद्यापलीकडे लवू तोंडात धोतराचा बोळा धरून पडला होता. मी मान खाली घातली. भाऊजींनी ती माझी कबुली समजली आणि आजतागायत तशी सांगत आले आहेत. आपण वहिनीला पोलिसांपासून वाचवले ही गोष्ट त्यांनी दादरभर केली आहे.

संचारबंदी उठल्यावर लवूची बायको कमल येऊन त्याला घेऊन गेली. पाय जुळला पण आखूड राहिला. मशीनखोलीचा लोखंडी जिना त्याला चढवेना, आणि नोकरी गेली.

हे सारे मी चार वर्षे पोटात ठेवले, कारण बाहेर पडते तर लवूवर खटला आला असता. आज लिहिण्याआधी त्याला विचारले. तो म्हणाला, “लिवा बाई. आता भियाचा कोणाक? राज्य आपला झाला.” राज्य चार दिवसांनी होणार आहे. वाडीत पताकांची वर्गणी गोळा होत आहे. मीही दिली.

कलम ५. गुरुदत्त दादाजी धैर्यवान

त्या प्रसंगानंतर भाऊजींनी मी वेडी असल्याच्या कागदावर वाडीतून सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. १९५३ साली ज्यांना वेळ नव्हता त्यांना आता तो मिळाला. जूनमध्ये वारसा कायदा झाला, आणि भाऊजींच्या वकिलाने त्यांना सांगितले असावे की आता घर आपोआप यायचे नाही, बाईने दिले तर येईल. आणि द्यायचे तर बाई शहाणी हवी. तेव्हापासून मी शहाणी झाले. दिवाळीला चिरोटे येऊ लागले. पापलेट स्वस्त मिळाले म्हणून भाऊजी स्वतः पिशवी घेऊन येऊ लागले.

रशियाने आकाशात यंत्र सोडले त्याच्या पुढच्या वर्षी दादरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. भाऊजी माझे रॉकेट आणि टोप मागायला आले. मुलांना बघू द्या, वहिनी. मुलांचे नाव काढले म्हणून मी दिले. दुसऱ्या दिवशी मी बसने पाहायला गेले. टेबलावर पाटी होती : ‘गुरुदत्त धैर्यवान यांच्या संग्रहातून’. मुलांना ते सांगत होते की आमच्या घराण्यात कला पहिल्यापासूनच आहे. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी तशीच बस धरून परत आले.

त्यांना मी पुढीलप्रमाणे देते. देवघरातील चांदीची उपकरणी आणि सासऱ्यांची तसबीर, कारण ती त्यांच्या घराण्याची आहेत. आणि कॅप्टनचा टोप. तो वेडाचा पुरावा आहे असे त्यांनी न्यायाधीशांना सांगितले आणि घराण्याच्या कलेचा नमुना आहे असे मुलांना सांगितले. दोहोंपैकी त्यांना जे खरे वाटत असेल ते समजून त्यांनी तो ठेवावा. घरात, भाड्यात किंवा अन्य कशात त्यांना काही नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही.

कलम ६. इतर

बेबी लग्न होऊन पुण्याला असते. प्रतिज्ञापत्रानंतर ती माझ्या घरी आली नाही, तिच्या लग्नाची पत्रिकाही पोस्टाने आली. माझे मोत्याचे तोडे तिला द्यावेत. हे देणे माझ्या मनातले नाही. बेबीच्या लग्नात तोडे तिला घालायचे, असे हे आजारपणात मला म्हणाले होते आणि मी बरे म्हटले होते. तिला देताना हे असेच सांगावे, गोड करून सांगू नये. राजाचे सिंहासनही तिच्याकडेच पाठवावे.

डाग द्यायची हत्यारे, कातर, ऐरण आणि उरलेले कथील रामू कल्हईवाल्याला. तो अजून वाडीत येतो, पण लोक आता स्टेनलेसची भांडी घेतात.

बँकेत जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म, घरपट्टी आणि अण्णा वकिलांचे देणे भागवावे. राहील ते घराच्या डागडुजीला.

कलम ७. घर कोणाला

मोरोबाच्या वाडीतील माझे घर, जमिनीसह आणि भाड्याच्या हक्कासह, मी कमल लवू परब आणि लवू परब या उभयतांना देते. ती दोघे १९५७ पासून माझ्याजवळ माडीवर राहतात. खालच्या बिऱ्हाडांना त्यांनी उठवू नये.

लवूच्या पायाची भरपाई म्हणून मी हे देत नाही. गोळी मी घातली नव्हती. त्याने साक्ष दिली त्याचा मोबदलाही हा नाही. तसे लिहिले तर त्याची साक्ष विकत घेतली असे होईल. एक कारण भाऊजींना घर मिळू नये हे आहे. ते मी लपवत नाही.

दुसरे कारण कमल. कमल माझ्याशी भांडते. माशाला मीठ कमी पडले की भांडते, मी स्टोव्ह पेटता ठेवून पत्रा कापायला बसले की कोळणीसारखी ओरडते, माझा पत्र्याचा राजा राजासारखा दिसत नाही, वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या वाण्यासारखा दिसतो असे तोंडावर सांगते. एकदा आम्ही तीन दिवस बोलत नव्हतो. जानेवारीच्या त्या दुपारनंतर वाडीत कोणी माझ्याशी भांडलेले नाही. मी काही म्हटले की सगळे हो म्हणतात. नळावर माझा हंडा आधी लावू देतात. भाजीवाला घासाघीस करत नाही. वेड्या माणसाला लोक हो म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. कमलने तीन वर्षांत मला उगाच एकदाही हो म्हटलेले नाही. मी शहाणी आहे हे कोर्टाने मला एकदा सांगितले. ती रोज सांगते.

पितळी रॉकेट आणि बोलण्याची पेटी याच घरात राहावी. ती विकावी, ठेवावी किंवा मोडीत घालावी, त्यांची मर्जी. माझ्या नावाची पाटी लावू नये. कोणाच्याच नावाची लावू नये.

कलम ८. शेवटचे

अग्नी लवूने द्यावा. जातीवरून कोणी हरकत घेतली तर हरकत घेणाऱ्याने १९५३ साली कोर्टात कुठे बसलो होतो ते आधी सांगावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील अण्णा गोरक्षकर यांनी करावी.

ज्याला मिळायचे त्याने साक्षीला बसू नये असा कायदा आहे, म्हणून कमल आणि लवू यांना मी खाली पाठवले आहे. पहिल्या साक्षीदार समोरच्या घरातील राधाबाई. दुसरे साक्षीदार डॉ. शामराव मानकर. त्यांना मी मुद्दाम बोलावले. मृत्युपत्रावर त्यांची सही असली म्हणजे उद्या भाऊजींना त्यांच्याकडून दुसरा दाखला घेता येणार नाही, हा माझा उघड हेतू आहे आणि तो मी त्यांना सांगितला. मला वाटले होते ते येणार नाहीत. ते काठी टेकत आले. मी हे सगळे त्यांना वाचायला दिले. वाचून झाल्यावर म्हणाले, “त्या वेळी माझी चूक झाली, वहिनी.”

मी म्हटले, “चूक नव्हती, डॉक्टर. तुम्ही मला तपासलं नव्हतंत. आज तपासा, आणि मग काय ते लिहा.”

त्यांनी माझी नाडी पाहिली, तारीख विचारली, घरपट्टी किती ते विचारले, खाली बिऱ्हाडे कोणाची ते विचारले. पुष्कळ वेळ घेतला. कमलने मध्ये चहा पाठवला, तो त्यांनी घेतला नाही.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

सुनंदा मनमोहन धैर्यवान
मुक्काम मोरोबाची वाडी, गिरगाव, मुंबई
बुधवार, तारीख २७ एप्रिल १९६०

साक्षीदार :

१. राधाबाई विश्वनाथ कोठारे, राहणार मोरोबाची वाडी. सुनंदाबाईंनी माझ्यासमोर सही केली. मी पूर्ण वाचले. सही.

२. डॉ. शामराव मानकर, राहणार मुगभाट. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना आज तपासले. माझ्याविषयी वर जे लिहिले आहे त्यात मला काही फेरफार सुचवायचा नाही. बाई पूर्ण शुद्धीवर व शहाण्या आहेत. १९५३ सालीही होत्या. सही.